डोंगराच्या पलीकडची

शालन,

परवा नया नगरच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने मला लांबूनच हात केला. "अंकल, टीचर की बीपी की गोली आ गयी है. कब से रखी है, ले जाओ." तू गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगू शकलो असतो. पण त्याने पुडी पुढे केली तेव्हा मी ती घेतली, त्याला थँक्यू म्हटलं आणि घरी येऊन गोळ्या तुझ्या डब्यात ठेवल्या. सात आठवडे झाले तुला जाऊन. अजून या मीरा रोडमध्ये एक माणूस आहे, ज्याच्या लेखी तू घरात आहेस. मला त्याचा हेवा वाटला.

तुझ्या शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी चांगलं लिहिलं. हसतमुख, विद्यार्थीप्रिय, भूगोलासारखा विषय रंजक करून शिकवणाऱ्या. मी वाचत होतो आणि वाटत होतं, ह्या कोण बाई? तू हसतमुख कधी होतीस? भूगोल तू रंजक म्हणून शिकवत नव्हतीस. तू तो भांडल्यासारखा शिकवायचीस. हे मला ठाऊक होतं आणि तुझ्या आईला. आईचंच तुला सांगायचं आहे. पण तिथवर यायला थोडं मागून यावं लागेल.

आपण पहिल्यांदा भेटलो ते स्थळ सुचवणाऱ्या जोश्यांच्या घरी, आठवतं? मी राजापूरकडचा, जुलैत महिनाभर कपडे वाळत नाहीत अशा गावचा. तू दहिवडीच्या पुढची, माणदेशातली. मुलगी बघायला म्हणून आलेल्या माणसाला तू पगार विचारला नाहीस, घर विचारलं नाहीस. विचारलंस, "तुमच्याकडे पाऊस बराच पडत असेल ना?" मी फुशारकीने म्हटलं, "आमचा पाऊस म्हणजे काय विचारता!" त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "तुमचा कसा? आमच्याकडे यायला निघाला होता तो. वाटेत तुम्ही अडवलात." मी मोठ्याने हसलो. तू हसली नव्हतीस.

लग्नानंतर वर्षभराने, लालबागच्या त्या खोलीत, तू मला त्याचं कारण सांगितलंस. तुझी आई लग्न होऊन गावात आली त्या साली पाऊस आला नाही. पुढच्या सालीही आला नाही. तुझ्या आजीने तिला पांढऱ्या पायाची म्हटलं. एकदा रागात म्हणून सोडून दिलं असतं तर वेगळं. पण ते नावच पडलं. पेरणीला तिला बांधावर येऊ देत नसत. कुणाच्या लग्नात हळदीला तिला मागे उभं करत. सोळा वर्षांची होती ती. तिने ते खरं मानलं.

मग तू सातवीत असताना नव्या गुरुजींनी फळ्यावर समुद्र काढला, शेजारी सह्याद्री काढला आणि वाऱ्याचे बाण काढले. अरबी समुद्रावरून वारा पाणी घेऊन निघतो. डोंगर आडवा येतो. वारा वर चढतो, गार होतो, आणि जे आणलं ते सगळं अलीकडेच टाकून देतो. पलीकडे उतरतो तेव्हा त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. त्या पलीकडच्या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. गुरुजींनी खडूने तिथे ठिपका दिला आणि म्हणाले, हे आपलं गाव. तू दप्तर तिथेच टाकून घरी पळालीस. आई चुलीपुढे होती. तू धापा टाकत सांगितलंस, "आये, तुझं काय न्हाई त्यात. डोंगर आडवा हाय." आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डोंगराला कुनी बोललं का?"

तू म्हणायचीस, त्या दिवशी ठरलं मी कोण होणार ते.

मी ती गोष्ट ऐकली, वाईट वाटलं, आणि विसरलो. तुझं तसं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर वह्या तपासतानाही तुझं सुरू असायचं. कुणी उत्तरात लिहिलं की देवाची कृपा म्हणून कोकणात पाऊस जास्त, की तू लाल पेन आपटायचीस. "अहो, बघा हे! कृपा म्हणे!" मग मला ऐकावं लागायचं. राजस्थानात अरवली आहे, पण ती वाऱ्याच्या दिशेनेच उभी आहे, त्यामुळे वारा तिच्या कडेने सरळ निघून जातो, थांबत नाही. मेघालयात डोंगर असे वाकलेत की ढग कोंडतात. हिमालय नसता तर उत्तरेची थंडी सरळ खाली आली असती आणि आपला पाऊस वर निघून गेला असता. तमिळनाडूचा किनारा आपल्या पावसाळ्यात कोरडा आणि आपल्याकडे आकाश निवळलं की तिकडे ओला, कारण तेव्हा वारा उलट फिरतो आणि बंगालच्या उपसागरावरून येतो. "एवढा मोठा देश," तू म्हणायचीस, "आणि कोण ओलं, कोण कोरडं, हे डोंगर कुठे उभे आहेत आणि वारा कुठून येतो यावर ठरतं. माणसाच्या पायावर नाही." मी हं हं करत बातम्या बघायचो.

एकदाच मी तुझा वर्ग पाहिला. सहलीला माणूस कमी पडत होता म्हणून तू मला सुट्टी काढायला लावलीस. भाईंदरहून बसने समुद्राकडच्या डोंगरी गावाला, आणि तिथून मुलींना घेऊन टेकडी चढायची. चढायच्या आधी तू सगळ्यांना बाटल्या भरून घ्यायला लावल्यास. "तुम्ही समुद्रावरून निघालेला वारा. हे तुमचं पाणी. आता चढायला लागा आणि मी शिट्टी वाजवली की थोडं थोडं ओतायचं." मुली खिदळत चढल्या. शिट्टी वाजत राहिली. माथ्यावर पोचेपर्यंत बाटल्या रिकाम्या. पलीकडच्या उतारावर तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी माझं गाव. द्या पाणी."

एकीने बाटली उलटी करून दाखवली. तेव्हा तिथल्याच पालीच्या कोळीवाड्यातली ती रेश्मा पुढे आली, तिच्या बाटलीत चार बोटं पाणी होतं. "बाई, मी कमी ओतलं. तुमच्यासाठी हाय." तू तिला रागावशील असं मला वाटलं, कारण तिने प्रयोग बिघडवला होता. तू बाटली घेतलीस आणि पाठ फिरवून प्यायलीस. बराच वेळ तू मुलींकडे तोंड केलं नाहीस. मग नेहमीच्या आवाजात सांगितलंस, "ही टेकडी बुटकी आहे, हिच्याने पाऊस अडत नाही. सह्याद्री हिच्या कितीतरी पट उंच आहे, लक्षात ठेवा." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी एका मोठ्या बाईशी लग्न केलंय. तुला ते सांगायचं राहिलं.

आपल्याला मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि गेलं. दोन्ही वेळा मी तुझ्या आईला घेऊन यायला तुझ्या भावाला, संपतला कळवलं, आणि दोन्ही वेळा ती आली नाही. म्हैस व्यायला झालीय. बाजरी काढायचीय. लालबागला नाही, इथे मीरा रोडला घर घेतलं तेव्हाही नाही. तू माहेरी जायचीस, ती तुझ्याकडे कधी नाही. पुष्कळ वर्षांनी संपतच्या बायकोच्या तोंडून कारण निघालं. लेकीच्या घरात आपलं पाऊल पडलं तर आणखी काही वाईट होईल, ही भीती. तू फोन ठेवलास आणि गॅलरीत जाऊन उभी राहिलीस. "इतक्या पोरींना शिकवलं," म्हणालीस, "आणि एका बाईला शिकवू शकले नाही."

हे सगळं मला माहीत होतं, शालन. माहीत असूनही मी ते बोललो.

तू रिटायर झालीस त्या उन्हाळ्यात तुझ्या डोक्यात गावी जायचं होतं. कायमचं. शेजारच्या गावाने बांध घातले, चर खणले आणि त्यांच्या विहिरींना आता उन्हाळ्यातही पाणी असतं, हे तू मला दहा वेळा सांगितलंस. "पाऊस किती पडायचा ते डोंगर ठरवतो. पडलेला किती ठेवायचा ते आपण." मला ते पटत होतं, म्हणूनच राग येत होता. मला इथली संध्याकाळची हवा सोडायची नव्हती, मासळी सोडायची नव्हती, मित्र सोडायचे नव्हते. हे सरळ सांगायला काय हरकत होती? त्या रविवारी तू पोळ्या करता करता पुन्हा विषय काढलास, आणि मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "जा तू. कोरड्या माणसाला कोरडंच गाव आवडणार."

तव्यावर पोळी होती. तू ती उलटलीस, भाजलीस, डब्यात ठेवलीस. पुढची लाटायला घेतलीस.

तू गावाचा विषय पुन्हा कधी काढला नाहीस. चार वर्षं आपण नीट राहिलो. जेवलो, फिरायला गेलो, तुझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. मी मनातल्या मनात माफी मागायचो आणि वाटायचं पोचली असेल. एकदा जेटीवर बसलो असताना मी सुरुवातही केली होती, "शालन, त्या दिवशी मी जे..." तू लगेच म्हणालीस, "चला, रिक्षा मिळणार नाही मग." तुला ऐकायचं नव्हतं की मला सोडवायचं होतं, ते मला कळलं नाही. आता कळणार नाही.

तू गेलीस तेव्हा संपत आला, बरीच माणसं आली. आई आली नाही. दिवस झाले आणि घर रिकामं झालं. टीव्ही लावला की खालच्या पट्टीवरचं हवामान दिसायचं आणि मी आवाज वाढवायचो, तू आतून काहीतरी बोलशील म्हणून. मग एके दिवशी मी पिशवी भरली आणि बोरिवलीहून साताऱ्याची एसटी धरली.

इतकी वर्षं त्या रस्त्याने मी झोपून गेलो. खिडकी तुझी असायची. खंडाळ्याच्या घाटात तू मला कोपराने ढोसायचीस, "उठा, आता बघा," आणि मी डोळे मिटूनच हो म्हणायचो. या वेळी खिडकीत मीच होतो. घाट हिरवागार, कड्यांवरून अजून पाणी उतरत होतं. घाट संपला तसं आकाश पांढरं झालं. साताऱ्यानंतर पुसेगावकडे वळलो तशी झाडं लहान झाली, टेकड्या उघड्या पडल्या, आणि दहिवडी येईपर्यंत खडक नि बाभळी राहिल्या. एका दिवसात, एकाच तिकिटावर, तू जन्मभर मला जे दाखवत होतीस ते मी पाहिलं. शेजारी एक तरुण मोबाइल बघत बसला होता. त्याला सांगावंसं वाटलं.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. किती लहान झालीय ती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा, जावईबापू." मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, शेंगा फोडायला घेतल्या. तुझं नाव कुणीच काढत नव्हतं. मग तीच म्हणाली, "शालनला हितं यायचं व्हतं. पर म्हनायची, त्यास्नी समुद्र सोडवत न्हाई, मासळीबिगर माणूस कसा ऱ्हाईल. म्हून म्याच त्यांच्याम्होरं इषय काढत न्हाई."

तू माझ्या बोलण्यावर पांघरूण घातलं होतंस. चार वर्षं. आईसमोरसुद्धा.

मला ते सोसेना. मी तिला सांगितलं. तव्यावरची पोळी, पेपर आणि माझं वाक्य, जसंच्या तसं. सांगताना वाटलं, आता ही म्हातारी मला उठून जा म्हणेल, आणि बरं होईल. ती शेंगा फोडत राहिली. सूप अर्धं भरलं तेव्हा बोलली.

"माझी सासू मला जे म्हनली ते म्या इसरले न्हाई. शेवटाला हातरुनात पडली तवा तिचं समदं म्याच केलं, तरी बी इसरले न्हाई. शालन बी इसरली नसल."

"हो," मी म्हणालो.

"पर तुमी सांगितलासा. माझी सासू कवा बोलली न्हाई, चुकलं म्हून." तिने सूप बाजूला सारलं. "उठा. जेवून घ्या."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तुझ्या वतीने तिने काही दिलं नाही. बरं झालं. ते तुझं होतं, तिला देता येणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला उठलो तर ती ओसरीवर तयार. धुतलेलं लुगडं, काखेत गाठोडं. "लेकीचं घर बगायचं हाय," म्हणाली. संपत बघतच राहिला. "अगं, इतकी वर्सं अक्का बोलवत व्हती तवा का न्हाई गेलीस?" त्यावर ती म्हणाली, "तवा भ्या वाटायचं. आता काय इपरीत व्हायचं ऱ्हायलंय?"

संपत तोंड फिरवून गोठ्याकडे गेला. मी गाठोडं घेतलं.

आपल्या दारात ती थांबली. मी कुलूप काढून आत जाऊन दिवे लावले, वळलो तर ती अजून बाहेर, चप्पल हातात घेऊन. मी म्हटलं, "आई, आत या." ती म्हणाली, "तुमी हात धरा." मी धरला. मग ती आली, आणि तासभर घर बघत फिरली. भिंतीवरचा नकाशा, तुझा चष्मा, शिट्टी, मसाल्याचा डबा. डबा उघडून मोहरी तेवढी बोटांनी सारखी केली.

तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षाने पालीला नेलं. तिने समुद्र पाहिला नव्हता. वाटेत डोंगरीची ती टेकडी लागली. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते, होड्या नुकत्या लागल्या होत्या. तिने नाकाला पदर लावला आणि माझा दंड धरून वाळूत उभी राहिली. मग म्हणाली, "हितनं निघतो व्हय पाऊस?"

मी सांगायला लागलो. वारा, पाणी, चढ, डोंगर. तुझेच शब्द येत होते, पण क्रम चुकत होता. उन्हाचं सांगायचं विसरलो, मग मागे जाऊन सांगितलं. ती ऐकत होती. खाली वाकून तिने बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय. मग पाऊस ग्वाड कसा?"

"मीठ मागेच राहतं, आई. नुसतं पाणी वर जातं."

"आन वाटंत समदा सांडतो."

"हो. डोंगर आडवा आहे ना."

एक लाट येऊन तिच्या लुगड्याची कड भिजवून गेली. मग ती म्हणाली, "म्हंजी माझं काय नव्हतं त्यात."

"नाही आई. तुमचं काही नव्हतं."

"शालन सांगायची. दर खेपेला सांगायची." तिने डोळे पुसले नाहीत, मिटले फक्त. "मला वाटायचं, लेक हाय, आईचं मन राखती. तुमी कशापायी माझं मन राखाल?"

मला हसू आलं आणि रडूही. शालन, तू हरली नव्हतीस गं. तिने तुझं सगळं ऐकलं होतं. फक्त तिला वाटत होतं की हे मायेपोटी सांगतेय, म्हणून खरं नसेल. त्या क्षणी तू तिथे असायला हवी होतीस. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथे वाळू होती.

परवा संपत तिला न्यायला येईल. राहा म्हटलं तर म्हणाली, ज्वारी पेरलीय, बगाया पाहिजे. परतीचा पाऊस यंदा त्यांच्याकडे बरा झालाय. ती गेल्यावर मी या घरात पुन्हा एकटा. गावी ये, असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. जाईन की नाही, माहीत नाही. तुझ्याशिवाय तिथे जाणं म्हणजे तुझं ऐकणं की तुझ्या जागेवर बसणं, हे मला अजून ठरवता येत नाही.

हे लिहीत बसलोय तोवर सकाळचे अकरा वाजले. आई आत, खिडकीजवळ, तुझ्या साडीचा निघालेला काठ शिवत बसलीय. आत्ता, मान खाली घालूनच, तिने सवयीने हाक मारली, "शाले, पानी आन गं जरा."

मग सुई थांबली.

मी उठलो आणि पाणी नेऊन दिलं.